पहिली लाल चकती

सोमवार, ३ तारीख

विसरभोळे, काल तू मला ही वही देऊन गेलीस. "आजी, पडून पडून कंटाळशील, रोज काहीतरी लिहीत जा," म्हणालीस, गालाचा मुका घेतलास आणि पळालीस. आजीला लिहिता येत नाही हे विसरलीस, ते एक वेळ सोडून देऊ. पण पेन द्यायलाही विसरलीस. लग्न करशील तेव्हा निघताना नवऱ्याला आठवणीने बरोबर घे, म्हणजे मिळवली.

पेन शेजारच्या कॉटवरच्या बाईंचं आहे आणि अक्षरही त्यांचंच. बाई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांची नडगी मोडली होती, परवाच ऑपरेशन झालं. पाय उशीवर अडकलाय, हात मोकळा आहे. मी म्हटलं, मी बोलते, तुम्ही लिहा. त्या म्हणाल्या, "शुद्धलेखन माझं, मजकूर तुमचा. मजकुराची जबाबदारी मी घेणार नाही." मी म्हटलं, सरकारी शाळा होती वाटतं.

मी बरी आहे. खुब्याचं हाड मोडलंय तेवढं सोडलं तर ठणठणीत. रक्त पातळ करायची गोळी घेते ना मी, तिचा अंमल उतरल्याशिवाय चाकू लावता येत नाही म्हणे. आणि हाडाचे डॉक्टर म्हणतात, फार दिवस पडून राहणंही बरं नाही, उशीर झाला तर पुन्हा चालणं कठीण. म्हणजे लवकर नको आणि उशिराही नको. तुझे आजोबा चहाबद्दल असंच बोलायचे.

दुसरं. तुझ्या आईने बजावलंय की ती इथे अधिकारी आहे आणि मी तिची सासू, हे कोणाला कळता कामा नये. "आई, कळलं तर तुम्हाला वेगळी खोली देतील. मग माझं कोण ऐकेल?" लिहून घ्यायचं म्हणून बाईंना सांगावं लागलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलंय.

इथलं जेवण आजाऱ्याला बरं करण्यासाठी नाही, आजाऱ्याने लवकर घरी जावं म्हणून असतं. मीठ औषधालाही नाही. डब्यात एक छोटी पुडी टाक. सिस्टरला दिसणार नाही अशी टाक.

मंगळवार, ४

तुझ्या आईची नोकरी मला आज कळली. इतके दिवस विचारायचे, अगं तू करतेस तरी काय? ती म्हणायची, "जोखीम बघते." मला वाटायचं, असेल एखादं मशीन. आज बाईंनी फोड करून सांगितलं. एवढ्या मोठ्या सरकारी दवाखान्यात काय काय बिघडू शकतं याचा बिघडायच्या आधी विचार करायचा, यासाठी तिला पगार मिळतो. विसरभोळे, हेच काम मी घरात जन्मभर फुकट केलं. त्याला तुम्ही कटकट म्हणत आलात.

समोरच्या भिंतीवर तिने लावलेला फळा आहे. प्रत्येक वॉर्डात एक. त्यावर अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. नळ, दिवा, प्राणवायूचा बाटला, दार, आणि वाफ निघणारी एक पेटी. ऑपरेशनची हत्यारं आणि जखमेवर बांधायचं कापड त्या पेटीत वाफवून निर्जंतुक करतात. प्रत्येक चित्रापुढे खिळा, खिळ्यावर चकती. ठीक असेल तर हिरवी, कुरबूर असेल तर पिवळी, धोका असेल तर लाल. फळ्याखाली डब्यात लाल चकत्यांचा गठ्ठा आहे, त्याचं प्लास्टिकही अजून कोणी फाडलेलं नाही.

भिंतीवर लिहिलेलं मला आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलं. मी बाईंना खडा आवाज लावून वाचून दाखवलं. हिरवं, हिरवं, हिरवं, हिरवं, हिरवं. बाई म्हणाल्या, "पैकीच्या पैकी."

खरं सांगू, ऊर भरून आला. नोकरीला लागून फार दिवस नाहीत, तेवढ्यात पोरीने सगळा दवाखाना ताळ्यावर आणला. नळ मात्र सकाळपासून ठिबकतोय. पण चित्रातला नळ हिरवा आहे, म्हणजे बघून गेलं असेल कोणी.

दुपारी ती येऊन गेली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. माझ्याकडे अर्धी नजर टाकली, फळ्याकडे दीड. आणि तो हिरवागार फळा बघून तिचं तोंड एवढंसं झालं. एवढं चांगलं बघून कोणाचं तोंड उतरतं? पण सुनांना खूश करणं मला कधी जमलं नाही, ते फळ्याला काय जमणार.

गुरुवार, ६

आज करमणूक झाली. आधी दोघींची ओळख करून देते.

एक मोठी सिस्टर. वॉर्डाची मालकीण. ताठ, कडक, टाचांचा आवाज आला की उशासुद्धा सरळ होतात. वरच्या ऑपरेशनच्या खोलीतली हत्यारं आणि ती वाफेची पेटी, दोन्ही तिच्याच ताब्यात. दुसरी आमची आया. झाडते, पुसते, भांडी उचलते. बोलणं असं की ऐकणाऱ्याला ठसका लागावा, म्हणून मी तिचं नाव ठसकाच ठेवलंय.

दोघी माझ्या कॉटच्या पायथ्याशी चादरी मोजत होत्या.

"येऊन गेली का ती जोखीमबाई?" सिस्टरने विचारलं.

"आली, फळा बघितला, गेली," ठसका म्हणाली. "म्हणते, लाल लावायला घाबरू नका. लावणाऱ्याला कोणी काही बोलणार नाही."

"माझ्या आधीच्या सिस्टरने पाण्याच्या टाकीसाठी लाल शेरा मारला होता. शनिवारच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. कोणी केलं, कोणी केलं, हेच विचारत राहिले. पुढे तिची बदली झाली. टाकी आहे तशीच आहे."

"हिचं काय जातंय सांगायला?" ठसका चादर झटकत म्हणाली. "हिचं कोणी पडलंय का इथे कॉटवर?"

मी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. मग वाटलं, गप्प बसले तर संशय येईल. म्हणून मीही सूर लावला, "अशांना घरी सासूने वळण लावलेलं नसतं, दुसरं काय." ठसका चादरी छातीशी धरून हसत सुटली. सिस्टरच्या ओठाचा एक कोपरासुद्धा हलला. बाईंनी पुस्तकात तोंड खुपसलं. हे पान तुझ्या आईला वाचून दाखवायचं नाही.

जखमेवर बांधायच्या कापडाची पुडकी येतात, त्यावर एक चिकटपट्टी असते. आतपर्यंत नीट वाफ लागली की पट्टीवर काळे पट्टे उमटतात, असं ठसकाने सांगितलं. आज बाईंचं पुडकं उघडलं तर पट्टे इतके फिके की माझ्या भुवया बऱ्या. मी विचारलं तर म्हणाली, "पट्टीच जुनी आहे, आजी. नवी मागवलीय." सरकारी माल. काय बोलणार.

खिडकीजवळच्या कॉटवर एक शिंपीण आहे. घोट्याचं ऑपरेशन झालंय, पण हात स्वस्थ नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याची तुटलेली गुंडी लावून देते. माझ्या गाऊनचीही लावली. आज तिला ताप आहे. मी कधीची सांगते, ती खिडकी बंद कर, वारं बाधेल. ऐकत नाही.

शनिवार, ८

शिंपिणीचा ताप उतरत नाही. घोट्याला वास येतोय, ठसका नाकाला पदर लावून जाते. आणि आता खांबाजवळच्या आजीबाईंनाही ताप. त्यांचंही मांडीचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे खिडकीचं वारं खांबापर्यंत पोचलं. दाराशी पायाला नुसतं प्लास्टर घातलेली एक मुलगी आहे. तिच्यावर तर दोन्हीकडून वारं येतं, पण ती मात्र खणखणीत. तरुण रक्त, दुसरं काय.

फळा हिरवा. नळ ठिबकतोय.

तू आलीस, बरं वाटलं. डबा आणलास, चमचा विसरलीस. मिठाची पुडी मात्र पोळीच्या घडीत इतकी छान लपवली होतीस की मलाही सापडली नाही, दाताखाली कागद आला तेव्हा कळलं.

रविवार, ९

शिंपीण गेली.

सकाळी तिला घाईघाईने खाली नेलं आणि दुपारी ठसका एकटीच ट्रॉली ढकलत परत आली. जखमेचं विष रक्तात उतरलं म्हणाले. घोटा मोडून आलेलं माणूस मरतं कसं? काल तर मला हाताने खुणावून विचारत होती, गुंडी पक्की बसली ना. मी मान हलवली होती. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

ठसकाने तिची चादर ओढली तर खालून सुई निघाली, दोऱ्यासकट. ती हातात घेऊन ठसका नुसती उभी राहिली. त्या बाईचं तोंड आज पहिल्यांदा बंद बघितलं.

मी खिडकी बंद करून घेतली. मग फळ्याकडे बघितलं. पाचही हिरव्या. फळ्यावर नळ आहे, दार आहे. माणसाचं चित्रच नाही.

सोमवार, १०

बाई म्हणतात, आज थोडंच सांगा, हात कापतोय. त्यांना थंडी वाजतेय, दोन पांघरुणं घातलीत. पायाच्या बँडेजवर पिवळा डाग आलाय. मी म्हटलं, खिडकी तर बंद आहे. त्या म्हणाल्या, "हो, बंद आहे."

पुरे आज. ठेवा पेन.

मंगळवार, ११

विसरभोळे, अक्षर बदललेलं दिसलं असेल. बाईंना आज पहाटे खाली अतिदक्षतेत नेलं. जाताना शुद्ध नव्हती नीट, तरी पेन माझ्या उशाशी ठेवायला सांगून गेल्या.

मी रडत होते. मोठी सिस्टर आली, म्हणाली, "रडू नका, आजी, उद्या तुमचं ऑपरेशन, ताण घ्यायचा नाही. काय सांगायचं ते सांगा, मी लिहिते." मी म्हटलं, मागची पानं वाचायची नाहीत, खाजगी आहेत. तिने वही उलटून कोरं पान काढलं. माणूस कडक आहे पण सरळ आहे.

तर उद्या सकाळी माझा पहिलाच नंबर. भीती वाटते म्हणायची लाज वाटते, म्हणून वाटत नाही असं लिहा, सिस्टर.

मला या वाऱ्याचं कळत नाही. आधी शिंपीण, मग खांबाजवळच्या आजीबाई, मग बाई. वर ऑपरेशनला जाऊन आलेल्यांनाच हे वारं धरतं. दाराशी ती प्लास्टरवाली मुलगी, तिला काही नाही. मला तर गेले इतके दिवस काही नाही. भूल देतात ना वर, त्याने अंग नाजूक होत असेल. उद्या मीही नाजूक होणार. सिस्टर, मला कानटोपी घालून द्या वरून आणताना.

लिहा की. थांबलात का? बरं, सिस्टर थांबल्या असं लिहा.

आणि हे बघा, माझ्यासाठी ती फिक्या पट्ट्यांची पुडकी नको हं. बाईंच्या पायाला तीच बांधत होता तुम्ही, कशी गरिबाघरची दिसत होती. मला चांगले काळेभोर पट्टे उमटलेलं द्या, आयुष्यातलं पहिलं ऑपरेशन आहे माझं, जरा थाटात



बुधवार, १२

हे अक्षर दाराशी असलेल्या प्लास्टरवाल्या मुलीचं. काल सिस्टर अर्ध्या वाक्यावर उठून गेली, म्हणून ही कुबडी घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसलीय. मी तिला म्हटलं, मी सांगेन तसं लिही, मधे रडायचं नाही. ती म्हणते, "आजी, तुम्हीच रडताय."

सकाळी मला तयार केलं. उपाशी पोट, हिरवा गाऊन, हाताला सुई. दोघांनी ट्रॉलीवर घेतलं. फळ्यासमोरून जाताना सवयीने वाचलं. हिरवं, हिरवं, हिरवं, हिरवं. आणि पेटीपुढे लाल.

मला वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आलीय. डबा खाली उघडा पडला होता, गठ्ठ्याचं प्लास्टिक फाडलेलं. फळ्याशेजारी मोठी सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. तिला मी कधी टेकलेली बघितली नव्हती.

तेवढ्यात जिन्यावरून धावत तुझी आई आली. धावताना तिला मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. तिने चकतीकडे बघितलं, सिस्टरकडे बघितलं, आणि म्हणाली, "आजची सगळी ऑपरेशनं थांबवा."

हाडाचे डॉक्टर वरून उतरले. "मॅडम, पहिली पेशंट ट्रॉलीवर आहे. वय झालंय, आधीच उशीर झालाय. आणखी लांबलं तर त्या पुन्हा उभ्या राहतील की नाही सांगता येत नाही. घरच्यांनी विचारलं तर कोण उत्तर देणार?"

"घरच्यांना मी सांगते," ती म्हणाली.

आणि ट्रॉलीजवळ येऊन तिने माझा हात धरला. "आई, आजचं ऑपरेशन होणार नाही. मीच थांबवलंय."

आई. सगळ्यांसमोर. ठसकाच्या हातातलं फडकं बादलीत पडलं. सिस्टरने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्या घरात चोरून राहिले होते. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पोटात कालपासून अन्न नाही, आणि माझीच सून मला दारातून परत फिरवते. मी म्हटलं, "मला उपाशी ठेवायचा तुला पगार मिळतो हे आधी माहीत नव्हतं." ती हसली नाही. हात मात्र सोडला नाही.

मग मोठे साहेब आले. दवाखान्याचे सगळ्यात वरचे. तुझ्या आईने नोकरीवर येताना त्यांच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती म्हणे. ज्या वॉर्डात लाल चकती लागेल तिथे त्याच दिवशी त्यांनी स्वतः पायी यायचं. आजवर कुठे लागलीच नाही, त्यामुळे त्यांना जिन्याची सवय नाही. भात्यासारखे फुसफुसत आले. सगळ्या वॉर्डात नळ तेवढा बोलत होता.

सिस्टर पुढे झाली. हात मागे बांधलेले, शाळेत मार खायला उभं राहतात तशी.

"साहेब, पेटी पुरती तापत नाही. बऱ्याच दिवसांपासून. दाराचं रबर फाटलंय, वाफ बाहेर जाते. पुडक्यांवर पट्टे फिके यायचे. आम्ही म्हणायचो, पट्टीच खराब आहे. मला आतून कळत होतं. तरी हिरवी चकती मीच लावत होते."

साहेबांचा चेहरा वांग्यासारखा झाला. तोंड उघडलं आणि "को" एवढं बाहेर पडलं. सगळ्यांनी ऐकलं. पुढचा शब्द काय आहे हे या दवाखान्यात झाडूवालीलाही पाठ आहे. तुझी आई जमिनीकडे बघत होती, माझी बोटं तिने इतकी आवळली की सुई हलली.

साहेब खोकले. तो खोकला खोटा होता, पण मला त्यांचा फार आदर वाटला. मग म्हणाले, "काय हवं?"

सिस्टर काही बोलेचना. तिने रात्रभर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं.

तुझी आईच हळूच म्हणाली, "सांगा, सिस्टर." मग तिने सांगितलं. नवं रबर. तोवर दुसऱ्या दवाखान्याच्या पेटीतून वाफवून आणलेली हत्यारं. आणि या पेटीतली हत्यारं ज्यांना ज्यांना लागली त्या सगळ्यांना घरून बोलावून तपासायचं. साहेब प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते. सांगून झाल्यावर सिस्टर खाली बसली, फरशीवरच.

मला उशिरा उजेड पडतो, विसरभोळे. ट्रॉलीवर पडल्या पडल्या मी विचारलं, "मग खिडकी?"

ठसका उठली आणि तिने खिडकी उघडली.

गुरुवार, १३

हे तुझ्या आईने लिहिलंय. त्यामुळे आज तिच्याबद्दल काही चांगलं सांगता येणार नाही, डोक्यात जाईल.

आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून ती कामावरून सुटल्यावर इथे येऊन बसते. मी तिच्याशी कालपासून बोलत नव्हते. आज न राहवून विचारलं, "पहिला नंबर माझा आहे हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"दुसरं कोणी असतं तर?"

"तरी थांबवलं असतं, आई."

"मग माझ्याकडे बघून जीव कळवळला नाही?"

ती नखाने वहीचा कोपरा सोलत होती. मग म्हणाली, "तुम्ही पुन्हा चालला नाहीत तर ते माझ्यामुळे असेल. हे मला घरी येऊनही माहीत असणार, रोज." आत्ता लिहिताना म्हणते, हे वाक्य नका घालू. मी म्हटलं, मजकूर माझा.

एक मात्र तिला सांगितलं नाही, आणि लिहूनही घेत नाही, तिचं कोणीतरी कॉटवर पडलेलं असण्याबद्दल या वॉर्डात काय बोललं गेलं होतं ते. तुला माहीतच आहे. आज ठसकाने मला न मागता दोनदा पाणी दिलं आणि तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं.

माझा धक्का अजून ओसरत नाही. मला वाटायचं, हिरवं म्हणजे ठीक. हिरवं म्हणजे नुसतं कोणी लाल लावलं नाही, असं होतं ते. इतके दिवस मी रोज सकाळी उठून ते वाचत होते, आणि बाईंना वाचून दाखवत होते. बाई खाली नळ्यांमध्ये आहेत. तुझी आई रोज बघून येते आणि म्हणते, "तशाच आहेत." तशाच म्हणजे कशा, ते सांगत नाही.

शनिवार, १५

अक्षर प्लास्टरवालीचं. फळ्याकडे बघवत नाही, विसरभोळे. नळ लाल, दिवा लाल, दार पिवळं. बाकीच्या वॉर्डांतही हीच गत, म्हणे जिना चढत गेलं की भिंती पेटल्यासारख्या दिसतात. आठवड्यापूर्वी स्वर्ग होता तो दवाखाना एका चकतीने मोडकळीला आला. चकत्या कमी पडल्या, ठसकाने पुठ्ठा कापून लाल रंगवला. ती म्हणते, नळ कधीचा ठिबकतो हे सगळ्यांना माहीत होतं. आज एक माणूस पाना घेऊन आला आणि पहिल्यांदा नळ गप्प झाला. आता त्या ठिबकण्याशिवाय झोप यायची नाही.

वरच्या कचेरीतून साहेबांना फोन आला होता. सगळीकडे हिरवं असताना तुमच्याकडेच एवढं लाल कसं, ही नवी बाई काय करते आहे, तिला काढायचं का? तुझी आई समोरच उभी होती. ती सांगत होती, साहेब म्हणाले, "तुमच्याकडे किती हिरवं आहे ते आधी जाऊन बघा." आणि फोन ठेवून ते स्वतःच घाबरले. आता तुझ्या आईचं काय होणार, कोणाला ठाऊक नाही. साहेबांचं काय होणार तेही नाही.

आजच्या बैठकीत नवाच नियम निघाला. लाल असलेल्यांनी काय हवं ते सांगायचं आणि घरी जायचं. ज्यांचं सगळं हिरवं त्यांनीच मागे थांबायचं, आणि ते कसं काय एवढं हिरवं, हे समजावून सांगायचं. भांडारवाला म्हणे तासभर समजावत होता आणि शेवटी त्याने स्वतःच उठून दोन पिवळ्या लावल्या.

संध्याकाळी सिस्टर आणि तुझी आई शिंपिणीच्या घरी जाऊन आल्या. वारं नव्हतं, आमची पेटी होती, हे सांगायला. सिस्टर म्हणाली होती, मी एकटी जाते. तुझ्या आईने ऐकलं नाही. सिस्टरची चौकशी होणार आहे, ती तिने स्वतःच मागून घेतलीय. तोवर ती वॉर्डातच आहे. आज तिच्या टाचांचा आवाज येत नाही. मला तो हवा आहे.

मंगळवार, १८

अक्षर वाकडं आहे, पण ओळखलंस का बघ.

बाई परवा वर आल्या. पाय पुन्हा उघडून धुतला, वजन इतकं उतरलंय की पांघरुणाखाली माणूस आहे की घडी, कळत नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "माझ्या मागे शुद्धलेखनाची काय दशा केलीत, बघू." मागची पानं वाचली. अकरा तारखेचं अर्धं वाक्य बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी मोठ्या सिस्टरला हाक मारली. मला वाटलं, आता बोलणार. सिस्टरही तयारीत उभी राहिली. बाई म्हणाल्या, "वाक्याच्या शेवटी पूर्णविराम राहिलाय." सिस्टरने खिशातून पेन काढलं, पण पूर्णविराम तिच्याने देववेना. बाईंनीच दिला. ठिपका नको तेवढा मोठा पडलाय.

माझं ऑपरेशन काल झालं. हत्यारं दुसरीकडून वाफवून आणली होती. भूल द्यायच्या आधी सिस्टरने पुडकं माझ्या डोळ्यांसमोर धरलं, न मागता. पट्टे काजळ घातल्यासारखे. "थाटात ना, आजी?" म्हणाली. मी मान हलवली. त्यानंतर मला शिंपीण आठवली आणि मग काही आठवत नाही.

आज सकाळी दोघांनी धरून उभं केलं. एक पाऊल टाकलं. दुसरं नाही पडलं. डॉक्टर म्हणाले, बघू. तुझी आई दाराआडून बघत होती, तिला वाटलं मला दिसत नाही. दुसरं पाऊल मी उद्या टाकणार आहे, ती नीट समोर उभी राहिली तर. ताप नाही. अजून नाही, असं म्हणायचं इथे. तसं म्हणायची मला आता सवय लागलीय.

खांबाजवळच्या आजीबाई घरी गेल्या. खिडकीजवळची कॉट रिकामी आहे. तिथे कोणाला घालायचं तर ठसका आधी चादरीखाली हात फिरवून बघते.

तर उद्या येताना डबा असा आण. बाईंना जखम भरायला अंडी सांगितलीत, तर दोन उकडून, सोलून, वेगळ्या डबीत. दूध गाळून, साय नको, त्यांना मळमळतं. मला मऊ भात आणि कुठलीही शिजलेली भाजी, पोळी नको, चावायला जोर नाही. तुझ्या आईला काहीही दे, फक्त समोर उभी राहून डबा उघडायला लाव, नाहीतर तो तसाच घरी येईल. सिस्टर दुपारी जेवत नाही असं ठसका म्हणते, म्हणून एक केळं जास्त. चमचा. पुन्हा सांगते, चमचा. आणि मिठाची पुडी वरच ठेव, सिस्टरला दिसेल अशी. ती नको म्हणाली तर नको.